माळ हे मुद्दल, तित्तर हे व्याज

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी कुर्डुवाडीच्या आसपास आली, की डब्यातली मंडळी जेवणाचे डबे तरी सोडतात किंवा खिडकीला डोके टेकून डुलक्या तरी घेतात. मुलांनी बाहेर बघत विचारले, "आई, हे काय गाव आहे?" तर आई म्हणते, "गाव कसले, उजाड माळ आहे. झोप जरा." आपल्या शहरी घरांत माळरानाची ओळख इतकीच. सरकारी दप्तरात तर त्याला याहून वाईट नाव आहे. तिथे ते 'पडीक'.

पडीक म्हणजे ज्याचा काही उपयोग नाही ते. घरातली अडगळीची खोली जशी कोणीही वापरावी, तशी ही जमीन वाटेल त्याने वाटेल तशी वापरावी, असा आपला समज. कोणी तिथे कारखाना काढतो, कोणी उसासाठी नांगर घालतो, कोणी पुण्य जोडण्यासाठी झाडे लावतो. या सगळ्यांत एक गोष्ट कोणी विचारत नाही. या खोलीत आधीच कोणाचे बिऱ्हाड आहे का?

बिऱ्हाड आहे, आणि ते मोठे नांदते आहे. कुसळी, पवन्या, मारवेल, शेडा अशी गवते, अधूनमधून बोरी, तरवड आणि हिवर. या गवताच्या आधाराने लांडगा, खोकड, चिंकारा, ससा राहतात. पण आज मला सांगायचे आहे ते पाखरांविषयी. ज्यांच्यामागे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने बंदूक घेऊन पायपीट केली आणि ज्यांच्या शिकारीवर पारध्यांची कितीतरी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जगली, त्या पाखरांविषयी.

माळावरची मंडळी

पहिला मान तित्तराचा. राखी तित्तर तुमच्या-आमच्या ओळखीचा; पहाटे बांधावर उभा राहून 'कतीतर, कतीतर' असा स्वतःच्याच नावाचा पुकारा करतो. याला पंख आहेत, पण त्याचा भरवसा पायांवर. माणूस दिसला की आधी पळेल, मग झुडपात दडेल आणि अगदी पायाशी आलात तरच भुर्रकन उडेल. त्याचा चुलता चित्रांग तित्तर अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी मिरवतो. उत्तरेकडे काळा तित्तर आहे. तो 'सुभान तेरी कुदरत' म्हणतो असे तिकडचे भाविक सांगतात. त्याच हाकेत बाजारातल्या वाण्याला म्हणे 'लहसुन, प्याज, अदरक' ऐकू येते! ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानी.

लावा तित्तराहून लहान, मुठीत मावेल एवढा. तो गवतातून धावताना दिसत नाही, नुसते गवत हललेले दिसते. पखुर्डी मातीच्या रंगाची. बसली की ढेकूळ आणि पाखरू यांतला फरक कळत नाही. या पखुर्डीची एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिची पिल्ले उघड्या माळावर, पाणवठ्यापासून कोसभर दूर असतात. मग त्यांना पाणी कोण पाजणार? बाप पाजतो. नर पाणवठ्यावर जाऊन पोटावरची पिसे पाण्यात बुडवतो, ती पिसे बोळ्यासारखी पाणी शोषून घेतात, आणि तसाच भिजल्या पोटाने उडत येऊन तो पिल्लांपुढे उभा राहतो. पिल्ले पिसे चोखून पाणी पितात. १८९६ साली एका इंग्रज पक्षिपालकाने हे लिहिले, तेव्हा पुष्कळ विद्वानांनी त्याला वेड्यात काढले. १९६७ साली अभ्यासकांनी बारकाईने तपास करून ते खरे ठरवले. आपल्या मोटेच्या आणि कावडीच्या देशात या बापाचे कौतुक व्हायला हवे होते.

तणमोर हा पावसाळ्याचा पाहुणा. गवत गुडघाभर वाढले, की नर जागच्या जागी माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो, हवेत पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. मादीला दिसावे म्हणून दिवसभरात शेकडो वेळा हा उद्योग चालतो. बिचाऱ्याचे दुर्दैव असे, की मादीला दिसतो तसाच तो बंदूकवाल्यालाही दिसतो. साहेबांच्या राज्यात ऐन विणीच्या दिवसांत अशा उड्या मारणारे नरच टिपले जात.

आणि या सर्वांचा राजा माळढोक. उभा राहिला तर मीटरभर उंच, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत; उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांत त्याची गणना होते. राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली, तेव्हा डॉ. सालिम अली यांचा कौल माळढोकाला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचा एखादे अक्षर चुकून भलताच उच्चार होईल, अशी भीती काही जाणत्यांना वाटली, असे सांगतात. नावासाठी राज्य गेले म्हणायचे!

आप्पांची बंदूक आणि पारध्याची गाय

माझे थोरले काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी परवान्याची दुबारी बंदूक बाळगून होते. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्य प्राणी-पक्षी संरक्षणाचा कायदा तेव्हा लागू होता. शिकारीला परवाना लागे आणि विणीच्या काळात बंदी असे. आप्पांचा स्वतःचा कायदा याहून कडक होता. बसल्या पाखरावर बार टाकायचा नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत बंदूक खुंटीवरून काढायची नाही. घरात जितकी पाने वाढायची तितकीच पाखरे. एकदा तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्याने थव्यात सरसकट बार टाकायचा आग्रह धरला, तेव्हा आप्पा त्याला म्हणाले, "रावसाहेब, बियाणं खाणारा शेतकरी पाहिलाय का तुम्ही?" पाहुणे गप्प बसले. रात्रीच्या जेवणात पिठलेच होते.

परंतु आप्पांसारख्या हौशी लोकांची विद्या पारध्यांपुढे अगदीच बाळबोध. फासेपारध्याच्या हाती बंदूक नसते. एका लांब दोरीवर ओळीने फास बांधलेले. पूर्वी ते जनावराच्या तातीचे किंवा घोड्याच्या केसांचे असत. झुडपांमधल्या फटींत, पाखरांच्या रोजच्या वाटांवर ही दोरी खुंट्यांनी बसवायची. मग शिकवलेली गाय पुढे घालून, तिच्या आडोशाने हळूहळू पाखरांना त्या दिशेने ढकलायचे. चरणाऱ्या गाईला तित्तर भीत नाही. तो उडत नाही, पायी पायी सरकतो आणि फासात सापडतो. घाई केली तर सगळा डाव मोडतो. दुसरी रीत पाळलेल्या तित्तराची. पिंजऱ्यातला नर आव्हान देतो, रानातला नर भांडायला येतो आणि पिंजऱ्याभोवतीच्या फासात अडकतो. भांडखोरपणाचा असा शेवट माणसांतही होतो, पण तो विषय वेगळा.

या विद्येचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. १९८० च्या दशकात कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी आपल्या महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तीन भटक्या समाजांच्या शिकारीच्या रीती तपासल्या. त्यांना असे आढळले, की एकाच मुलुखात फिरणाऱ्या या तिघांनी शिकार जणू वाटून घेतली आहे. फासेपारधी फासे लावून हरणे आणि पाखरे धरतात. वैदूंचा भर पाण्यातल्या जिवांवर आणि सापळ्यात येणाऱ्या लहान जनावरांवर. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने घोरपड, साळिंदर, रानडुक्कर मारतात. एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. आणि फासात गाभण हरणी किंवा पाडस आले तर ते सोडून द्यायचे, ही पारध्यांची परंपरा. आप्पांचे बियाणे आणि पारध्याची गाभण हरणी यांत एकच हिशोब आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचे.

हिशोबाचा आणखी एक भाग आहे. सगळ्या पाखरांचे व्याज सारखे नसते. तित्तराची किंवा लाव्याची मादी एका वेळी सहा-सात अंडी घालते. चार गेली तरी वंश राहतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर एकच अंडे घालते, आणि तेही लांडगा, कोल्हा, गाढवाचे खूर या सगळ्यांतून वाचले तर. अशा पाखराची शिकार म्हणजे व्याज नव्हे, सरळ तिजोरी फोडणे. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका साहेबाने तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या परिसरात १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने! पुढे जीपगाड्या आल्या, आणि पायी माणसाला चकवणारा माळढोक जीपपुढे हतबल झाला.

कायदा आला, गवत गेले

भावनगरच्या राजघराण्यातले धर्मकुमारसिंहजी हे स्वतः शिकारी आणि मोठे पक्षितज्ज्ञ. त्यांनी १९६९ मध्ये अंदाज केला, तेव्हा देशात सुमारे १,२६० माळढोक उरले होते. १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला. माळढोकाला त्यात सर्वोच्च संरक्षण मिळाले. १९९१ च्या दुरुस्तीने सरसकट सगळीच शिकार जवळजवळ बंद झाली. आज तित्तर धरणे हाही गुन्हा आहे. १९७९ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नजचा मुलूख माळढोकासाठी अभयारण्य झाला.

आता सांगा, बंदूक थांबून पन्नास वर्षे झाली, तर माळढोक वाढायला हवे होते की नाही? आज सबंध देशात रानावर दीडशेही उरलेले नाहीत, आणि तेही बहुतेक सारे राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला. नान्नजला माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

असे का झाले? कालवे आले, ऊस आला. गवताळ माळांवर 'हिरवळ' आणण्यासाठी सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावले गेले. ज्या पाखराला दूरवरचे दिसल्याशिवाय स्वस्थ वाटत नाही, त्याच्याभोवती आपण भिंती उभ्या केल्या. वर विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. त्याला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तारांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये त्यावर निकालही झाला. पण वाऱ्याची-उन्हाची वीजही देशाला हवीच, म्हणून २०२४ मध्ये तो निकाल बदलावा लागला. जैसलमेरकडे आता अंडी गोळा करून, उबवून पिल्ले वाढवण्याचे केंद्र चालते. चांगली गोष्ट आहे. पण वाढवलेली पिल्ले सोडायची कुठे, याचे उत्तर केंद्रात मिळत नाही. ते माळावरच शोधावे लागते.

अभयारण्याचीही एक शोकांतिका आहे. नान्नजच्या अभयारण्याची पहिली हद्द जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरची होती. तालुकेच्या तालुके, गावेच्या गावे त्यात आली. शेतकऱ्याला वाटू लागले, की या एका पाखरापायी आपली जमीन विकता येत नाही आणि घर बांधता येत नाही. पुढे हद्द आवळून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली गेली, तोवर माळढोक हा शब्दच त्या भागात शिवीसारखा झाला होता. जे पाखरू आप्पांच्या पिढीला अभिमानाचे होते, ते त्यांच्या नातवांना डोकेदुखी वाटू लागले. कायद्याने शिकाऱ्याचे हात बांधले, पण पाखराचा जिव्हाळाही त्याच दोरीने बांधला गेला.

आणि पारधी? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो शिक्का १९५२ साली पुसला, आणि वीस वर्षांत त्यांची विद्याच गुन्हा झाली. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या पारध्याला मी विचारले, "बाबा, तित्तर कमी का झाले हो?" तो म्हणाला, "दादा, आमच्या फाश्यानं पाखरू कमी होतं, पर पुन्यांदा पाऊस आला की वाढतं. नांगुर फिरला की मातूर येत न्हाई. दोन तित्तर घावले तर मला चौकीत नेत्यात. समदा माळ नांगरला त्याला कुनी इचारलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तुमच्याजवळ असेल तर कळवा.

शिकारी पैसे भरतो तेव्हा

माझा भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्याच्याकडे मी एका हिवाळ्याच्या तोंडाला गेलो होतो. शेजारच्या घरातले गृहस्थ भगवे जाकीट घालून, कुत्रा बरोबर घेऊन फेझंट नावाच्या पाखराच्या शिकारीला निघाले होते. फेझंट म्हणजे आपल्या कोंबड्याचा चिनी भाऊबंद. १८८० च्या दशकाच्या आरंभी चीनमधून तिकडे नेऊन सोडलेला. त्यांच्याकडून मी चौकशी केली. दिवसाला दोन किंवा तीन पाखरे, आणि तेही फक्त नर! एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून मादीला हात लावायचा नाही. मला आप्पांची आठवण झाली.

पण खरी गोष्ट पुढे आहे. तिकडे १९३७ साली एक कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर, आणि तो पैसा थेट वन्य प्राण्यांच्या आणि त्यांच्या रानांच्या कामी. शिकाऱ्यांनी स्वतः या कराला पाठिंबा दिला. १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांना दहा-पंधरा वर्षांचा करार करून भाडे देते, ते कशासाठी? तर हलक्या जमिनीत पीक न घेता गवत राखण्यासाठी! शेजाऱ्यांसारखे लोक संघटना करून गवताचे बी पेरतात आणि जमिनी विकत घेतात. गंमत अशी, की त्या गवतात फेझंटबरोबर चंडोल, मधमाश्या, फुलपाखरे यांचेही भागते. फेझंटाच्या भाड्यात बाकीचे बिऱ्हाड फुकट!

अर्थात त्यांनाही हे शहाणपण ठेच लागूनच आले. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर 'हीथ हेन' नावाची माळकोंबडी होती. शिकारीने ती एका बेटापुरती उरली. १९०८ मध्ये तिथे राखीव रान केले, शिकार बंद केली. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मग १९१६ मध्ये ऐन विणीच्या दिवसांत वणवा लागला, पुढे रोग आला, आणि १९३२ साली शेवटचा एकटा नर दिसेनासा झाला. नुसती बंदी पुरत नाही. रान मोठे हवे, अनेक ठिकाणी हवे आणि कोणीतरी त्याची रोज काळजी वाहायला हवी.

म्हणून काय आपणही पुन्हा बंदुका काढाव्या? मुळीच नाही. एवढी माणसे आणि एवढे थोडे माळ असलेल्या देशात ते परवडणारे नाही, आणि माळढोक-तणमोरांच्या बाबतीत तर तो विचारही नको. अमेरिकेकडून घ्यायचे ते एवढेच, की ज्याला पाखरू हवे असते, तोच गवतासाठी पदर खर्च करतो. शिकारीची परंपरा टिकवायची म्हणजे मारणे टिकवायचे नव्हे. तिच्यातली विद्या टिकवायची. पाऊलखुणा ओळखणारा डोळा, हाक ओळखणारा कान, आणि मुद्दल राखण्याचा धर्म.

हे आपल्याकडे घडू शकते. अकोला-वाशीमच्या बाजूला 'संवेदना' या संस्थेच्या साथीने काही फासेपारध्यांनी गवताळ माळ राखायला घेतले. बी झडेपर्यंत चराई आवरायची, वणवा विझवायचा, चांगल्या गवताच्या जाती परत आणायच्या, मग गवत कापायचे. ज्यांचे बापजादे तित्तर धरत, तेच आता तणमोर कुठे उतरला त्याची खबर ठेवतात. इंदापूरजवळ कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला वनखात्याने माळरान-सफरी सुरू केल्या आहेत. गावातलीच मुले वाट दाखवतात आणि त्यांना चार पैसे मिळतात.

आता आपल्या घरापुरते बोलू. वाढदिवसाला झाड लावायची हौस असेल तर अवश्य लावा, पण गावात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. गवताळ माळावर खड्डे खणू नका, आणि मुलांच्या शाळेला तसे सांगा. 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून बंगल्यासाठी माळावरचा तुकडा घेताना तिथे कोणाचे बिऱ्हाड उठते आहे याची चौकशी करा. हॉटेलच्या पाटीवर 'तित्तर' दिसला तर उठून चालू लागा. हल्ली लावा म्हणून मिळते ती पाळलेली जपानी जात असते, तिची गोष्ट निराळी. थंडीत एक रविवार मुलांना माळावर घेऊन जा. सूर्य उगवायच्या आत जा, बोलू नका, आणि गवत हलते का ते बघा. पाच मिनिटांत काही दिसले नाही म्हणून कंटाळू नका. आप्पा आणि तो म्हातारा पारधी दोघेही तासन् तास असे बसत.

आणि जो वाट दाखवायला येईल तो पारध्याचा मुलगा असला, तर त्याला जे ठरले असेल त्याहून दहा रुपये जास्त द्या. गवत राखायची मजुरी कोणीतरी द्यायला हवी. आजवर ती तित्तरानेच दिली.